एमटॅबचा सातबारा

लिनक्समध्ये डिस्क सर्व्हरला जोडली म्हणजे लगेच वापरता येते असे नाही. तिच्यावरची फाइलसिस्टिम एखाद्या डिरेक्टरीवर माउंट करावी लागते. मग त्या डिरेक्टरीत शिरणारा माणूस नकळत दुसऱ्या डिस्कवर जाऊन पोचतो. कोणती डिस्क कोणत्या डिरेक्टरीवर बसली आहे, तिच्यावर कोणत्या प्रकारची फाइलसिस्टिम आहे आणि तिथे लिहिण्याची मुभा आहे की नुसते वाचण्याची, एवढीच खरे तर माउंटची माहिती. ती विचारण्यासाठी माउंट, डीएफ, फाइंडएमएनटी आणि एलएसबीएलके अशा निदान चार कमांड्स आहेत. एरवी चौघी एका सुरात बोलतात. बिघाडाच्या दिवशी मात्र प्रत्येकीची कथा वेगळी असते.

सर्व्हर डोळ्यांसमोर असेल तर अखेर उठून पेटीपाशी जाता येते. व्हर्च्युअल गेस्टला, म्हणजे होस्ट नावाच्या दुसऱ्या सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या सर्व्हरला, ती सोय नाही. त्याची डिस्क म्हणजे होस्टवरची एखादी भलीमोठी फाइल असते, नाहीतर दूरच्या स्टोरेजमधून कापून दिलेला तुकडा. गेस्टला याचा पत्ता नसतो आणि तो लागू नये अशीच योजना आहे. त्यामुळे गेस्ट सांभाळणारा अ‍ॅडमिन ‘डिस्क गेली’ म्हणून तिकीट उघडतो, होस्ट सांभाळणारा ‘आमच्याकडे सगळं ग्रीन आहे’ म्हणून ते बंद करतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

माउंटची दप्तरे तीन. पहिले ईटीसी/एफएसटॅब. सर्व्हर सुरू होताना काय काय माउंट व्हावे याची ही यादी, दर ओळीला सहा रकाने. पाचवा रकाना डंप नावाच्या जुन्या बॅकअप प्रोग्रामसाठी आहे. तो प्रोग्राम आता क्वचितच कोणी वापरतो, पण रकाना आहे म्हणून सगळे त्यात इमानेइतबारे शून्य लिहितात. दुसरे दप्तर ईटीसी/एमटॅब. जुन्या पद्धतीत माउंट कमांड काम उरकल्यावर या फाइलमध्ये स्वतःच एक ओळ लिहून ठेवी. तिसरे प्रॉक/माउंट्स. ही डिस्कवर पडलेली फाइल नव्हेच. ती वाचायला घेतली की कर्नल त्या घडीला जे खरे असेल ते सांगतो.

तिसरे हाताशी असताना दुसऱ्यावर विश्वास ठेवल्यामुळे लिनक्सच्या जगात बऱ्याच रात्री वाया गेल्या आहेत. एमटॅब म्हणजे वारसनोंद न झालेला सातबारा: वर आजोबांचे नाव ठळक अक्षरात, आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली, जमीन कसतो आहे तिसराच, आणि तरीही विचारायला आलेला प्रत्येकजण आधी उतारा मागतो. कर्नलला एमटॅबशी काही देणेघेणे नव्हते. माउंट कमांडने लिहिले तर लिहिले. एखाद्या प्रोग्रामने त्या कमांडला वगळून थेट कर्नलकडून माउंट करून घेतले, तर नोंद नाही. कमांडलाच ‘-एन’ हा पर्याय दिला, तरी नोंद नाही; तो पर्याय त्यासाठीच होता.

हा पर्याय का ठेवावा लागला, हे कळले की या व्यवस्थेचा स्वभाव कळतो. एमटॅब राहते मूळ फाइलसिस्टिमवर. सर्व्हर सुरू होताना ती मूळ फाइलसिस्टिम आधी फक्त वाचण्यापुरती माउंट होते. म्हणजे ‘मूळ फाइलसिस्टिम माउंट झाली’ ही नोंद जिथे करायची, तिथेच अजून लिहायला मनाई. यावर तोड अशी निघाली की पुढे लिहिण्याची परवानगी मिळाल्यावर सुरुवातीच्या स्क्रिप्टने माउंट कमांडला खोटेखोटे चालवायचे. माउंट काहीच होत नसे, फक्त मागची राहिलेली नोंद पुरी होई. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

गेस्टमध्ये या दप्तराचे खरे रूप दिसते ते स्टोरेज अडखळल्यावर. होस्ट आणि स्टोरेज यांच्यातली एक वाट बंद पडते, दुसरी सुरू होईपर्यंत काही क्षण जातात. लिनक्समध्ये एससीएसआय डिस्कसाठी वाट पाहण्याची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. व्हीएमवेअरची टूल्स ती गेस्टमध्ये १८० सेकंद करून ठेवतात, ती याच कारणासाठी. मुदत उलटली की ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला चूक सापडते, आणि तिला तसे सांगून ठेवले असेल तर ती स्वतःला ‘फक्त वाचा’ या अवस्थेत नेते. होस्टवरची वाट तोवर पूर्ववत झालेली असते आणि सगळे पुन्हा ग्रीन असते. गेस्टमध्ये मात्र डेटाबेस रडतो, लॉग थांबतो, टच कमांडने एक रिकामी फाइल करायला जावे तर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असे उत्तर मिळते. अ‍ॅडमिन जुन्या गेस्टवर माउंट कमांड चालवतो. ती एमटॅब वाचते आणि सांगते, ‘आरडब्ल्यू’: वाचा, लिहा, मजा करा. तोच अ‍ॅडमिन प्रॉक/माउंट्स कॅट करतो, तर त्याच डिस्कसमोर ‘आरओ’. एमटॅबमधली चूक दुरुस्त करावी म्हटले तर तेही शक्य नाही, कारण एमटॅब आहे त्याच डिस्कवर, आणि त्या डिस्कवर लिहिता येत नाही हेच तर तिच्यात लिहायचे राहिले आहे.

अखेर लोकांनी या फाइलचा नाद सोडला. नव्या वितरणांत ईटीसी/एमटॅब ही प्रॉक/सेल्फ/माउंट्सकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. कोणी ती तशी ठेवली नाही तर सर्व्हरवरच्या सेवा उभ्या करणारी सिस्टिमडी सुरू होतानाच बजावू लागली की एमटॅब सिमलिंक नाही आणि हा प्रकार आता चालणार नाही. लिनक्सच्या संदेशांत इतका स्पष्ट संदेश विरळाच.

पण नाद सोडला तरी नाव सुटत नाही. जागा वाचवण्यासाठी छाटलेल्या इमेजमधून उभ्या केलेल्या गेस्टमध्ये, किंवा एका होस्टवरून दुसरीकडे फायली कॉपी करून हलवलेल्या गेस्टमध्ये ती सिमलिंकच राहून जाते. मग जुनी डीएफ ‘माउंट केलेल्या फाइलसिस्टिम्सचा तक्ता वाचता येत नाही’ एवढे इंग्रजीत सांगून गप्प बसते. नवखा माणूस हे वाचून डिस्क उडाली असे धरून चालतो आणि बॅकअप शोधायला धावतो. डिस्क ठणठणीत असते, फक्त तिची चौकशी करणारीला कागद मिळालेला नसतो. एमटॅबच्या नावाची लिंक प्रॉक/माउंट्सकडे करून दिली की डीएफ काहीच झाले नाही अशा थाटात आकडे सांगू लागते. अलीकडच्या डीएफ आधीच प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो वाचतात, त्यामुळे हा देखावा आता जुन्या गेस्टमध्येच पाहायला मिळतो. आणि जुने गेस्ट कोणी बंद करत नाही.

ओपनव्हीझेडच्या कंटेनरमध्ये याहून मौज असे. तिथे गेस्टला स्वतःचा कर्नलच नसतो, होस्टचाच वाटून घ्यायचा. डीएफमध्ये मूळ फाइलसिस्टिमसमोर सिमएफएस असे नाव येई, आणि एफडिस्कला डिस्क दाखव म्हटले तर ती काहीच दाखवत नसे. वीस जीबीची जागा आहे, ती भरत चालली आहे, आणि डिस्क एकही नाही. सिमएफएस म्हणजे होस्टवरच्या एका डिरेक्टरीला फाइलसिस्टिमचा वेश चढवलेला, हे सांगितल्याशिवाय उलगडत नाही. स्वस्तातला व्हीपीएस घेऊन त्यावर पार्टिशन पाडायला निघालेल्या कित्येकांना ते कोणी सांगितलेले नसे.

पूर्ण व्हर्च्युअल गेस्टला डिस्क मिळते, पण तिचे नाव होस्टची जात बदलली की बदलते. व्हीएमवेअरवर ती एसडीए असते, केव्हीएमवर व्हिर्टिओमार्गे आली तर व्हीडीए, झेनवर एक्सव्हीडीए. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जोडताना एसडीएफ असे नाव सुचवावे आणि गेस्टमध्ये जाऊन पाहावे तर जुन्या मशीनवर एक्सव्हीडीएफ आणि नव्यावर एनव्हीएमई१एन१. ज्याने एफएसटॅबमध्ये डिस्कचे नाव लिहिले आहे त्याचा गेस्ट एका जातीच्या होस्टवरून दुसऱ्या जातीच्या होस्टवर गेला की उठत नाही. म्हणून नाव लिहू नये, यूयूआयडी लिहावा, असे सगळे सांगतात. तो बीएलकेआयडी ही कमांड देते.

यूयूआयडी जगात एकमेव असतो. मात्र व्हर्च्युअल मशीनचा क्लोन काढणे हे एका क्लिकचे काम आहे आणि क्लोनमध्ये यूयूआयडीही जसाच्या तसा उतरतो. मूळ मशीनची डिस्क तपासणीसाठी तिच्याच क्लोनला जोडली की एकमेव असलेले दोघे एकाच सर्व्हरमध्ये समोरासमोर येतात. एक्सएफएस अशा वेळी सरळ नकार देते. कर्नलच्या लॉगमध्ये ‘यूयूआयडी दुबार आहे, माउंट करता येत नाही’ अशा अर्थाची ओळ सापडते. माउंट कमांड स्वतः मात्र ‘चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय, खराब सुपरब्लॉक’ अशी शक्यतांची लांबण लावते, आणि त्यातली एकही लागू नसते. कर्नलचा लॉग दाखवणारी डीमेसेज पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये तो हा प्रसंग. नोयूयूआयडी हा पर्याय देऊन तात्पुरते भागते. ईएक्सटी४ काही न बोलता दोन्ही माउंट करू देते, आणि मग पुढच्या रीबूटला यूयूआयडीच्या हाकेला कोणती डिस्क ओ देईल ते त्या दिवशीच कळते.

एफएसटॅबमधली डिस्क रीबूटनंतर सापडली नाही तर सिस्टिमडी दीड मिनिट थांबते. कन्सोलवर लाल तारका डावीकडून उजवीकडे येरझाऱ्या घालतात. दीड मिनिटाने गेस्ट इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड मागतो. क्लाउडच्या इमेजमध्ये सुरक्षेपायी रूट खाते कुलूपबंद असते. म्हणून पुढचा संदेश असा येतो की कन्सोल उघडता येत नाही, रूट खाते बंद आहे, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. एंटर दाबल्यावर पुन्हा सगळे पहिल्यापासून. यातून सुटण्याचा रस्ता म्हणजे गेस्ट बंद करून त्याची मूळ डिस्क दुसऱ्या गेस्टला जोडणे आणि तिथून एफएसटॅबमधला तो एक चुकीचा शब्द सुधारणे. रीबूट करण्याआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवले असते तर ती चूक दोन सेकंदांत दिसली असती, पण ही कमांड बहुतेकांना दुसऱ्या गेस्टमध्ये बसल्यावरच आठवते.

यावर उपाय म्हणून नोफेल हा पर्याय आहे: डिस्क मिळाली तर माउंट करा, नाही मिळाली तर पुढे चला. गेस्ट हमखास उठतो, म्हणून हा पर्याय लोकप्रिय आहे. डेटाबेसचा गेस्ट घ्यावा. त्याची डेटाची डिस्क वेगळी, व्हार/लिब/मायएसक्यूएल या डिरेक्टरीवर माउंट होणारी. एका रीबूटला होस्टवर काहीतरी अडते आणि ती डिस्क वेळेत येत नाही. नोफेल आहे, गेस्ट उठतो. डिरेक्टरी जागेवर असते, पण ती मूळ डिस्कवरची, रिकामी. उत्साही स्क्रिप्टने बसवलेला डेटाबेस रिकामी जागा पाहून तिथे नवा संसार मांडतो आणि नोंदी घेऊ लागतो. ग्राहक म्हणतात, जुनी बिले दिसत नाहीत. कोणीतरी नेहमीचा उपाय करतो, म्हणजे रीबूट. या वेळी डिस्क वेळेवर येते, डिरेक्टरीवर माउंट होते, आणि जुनी बिले परत येतात. मधल्या चार तासांतली बिले मात्र नाहीशी होतात. ती कुठेच गेलेली नसतात. वर बसलेल्या डिस्कखाली झाकली गेलेली असतात. फायलींची मापे मोजणाऱ्या डीयूला ती दिसत नाहीत. डीएफ मात्र मूळ डिस्कवर काही जीबी जास्त भरल्याचे सांगत राहते आणि ते जीबी कोणाचे, हा वाद पुढच्या आठवड्याच्या बैठकीत जातो.

झाकलेले पाहण्याची युक्ती साधी आहे. मूळ फाइलसिस्टिम ‘माउंट --बाइंड’ने एमएनटीसारख्या दुसऱ्या डिरेक्टरीवर पुन्हा बसवायची. तिथे तिच्यावर बसलेल्या डिस्क सोबत येत नाहीत, त्यामुळे खालचे सगळे उघडे पडते. पुन्हा तसे होऊ नये यासाठी डिस्क उतरवून रिकाम्या डिरेक्टरीला चॅटर कमांडने ‘बदल निषिद्ध’ करून ठेवतात, म्हणजे डिस्क नसेल तर तिथे कोणालाच काही लिहिता येत नाही. डेटाबेसच्या सिस्टिमडी युनिटमध्ये ‘ही डिरेक्टरी माउंट झाल्याशिवाय सुरू होऊ नकोस’ असेही लिहिता येते. बिले हरवलेल्या कचेरीत हे दोन्ही केलेले आढळते.

डीएफचे आकडे हा वेगळाच विषय आहे. शंभर जीबीची डिस्क दशमान हिशेबाने विकली असेल तर ‘डीएफ -एच’ १०२४च्या हिशेबाने ती सुमारे ९३ दाखवते. त्यातून ईएक्सटी४ सवयीने पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. वापरलेली आणि शिल्लक यांची बेरीज एकूणाइतकी येत नाही, आणि ती आणण्याचा प्रयत्न करणारे हिशेबनीस डिस्कबद्दल कायमचे साशंक होतात. दहा जीबीची लॉग फाइल उडवली तरी जागा सुटत नाही, कारण जो प्रोग्राम तिच्यात लिहितो आहे त्याने ती उघडी धरलेली असते. नाव गेले, फाइल आहे. ‘एलएसओएफ +एल१’ अशा बेनाम फायली दाखवते. कधी डीएफमध्ये निम्मी जागा मोकळी असूनही ‘डिस्कवर जागा नाही’ असा संदेश येतो. तेव्हा ‘डीएफ -आय’ चालवावे. ईएक्सटी४ ठरलेल्या संख्येइतकेच आयनोड, म्हणजे दर फाइलमागे एक लागणाऱ्या नोंदी, बनवते, साधारणपणे दर १६ केबीला एक; म्हणजे २० जीबीच्या डिस्कवर सुमारे १३ लाख. पीएचपीच्या सेशनच्या चिमुकल्या फायली कोणी साफ करत नसेल तर त्या हा कोटा संपवून टाकतात. डिस्क अर्धी रिकामी आणि नवी फाइल एकही होत नाही.

होस्टवरून डिस्क वाढवून मिळाली तरी डीएफ ढिम्म असते. एलएसबीएलकेला डिस्क मोठी दिसते, पार्टिशन जुन्या मापाचे. ते ग्रोपार्टने वाढवायचे आणि त्यानंतर आतली फाइलसिस्टिम. ईएक्सटी४ असेल तर रिसाइज२एफएस, आणि तिला सांगायचे पार्टिशनचे नाव. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस, आणि तिला सांगायची माउंट केलेली डिरेक्टरी. या दोन कमांड्सचे लेखक एकदा एकत्र चहाला बसले असते तर बरे झाले असते. वाढवताना हात जरा राखून ठेवावा, कारण एक्सएफएस लहान करण्याची सोय जवळजवळ नाहीच.

इतके करूनही प्रॉक/माउंट्स सगळ्यांना एकच उत्तर देईल असे नाही. २००२ मध्ये २.४.१९ या कर्नलपासून माउंट नेमस्पेस आली, आणि प्रत्येक प्रोसेसला माउंटची स्वतःची यादी असू शकते अशी सोय झाली. म्हणूनच एमटॅबची सिमलिंक जिकडे बोट दाखवते तो मार्ग प्रॉक/सेल्फ असा आहे. जो विचारील त्याची यादी. कंटेनर यावरच उभे आहेत, पण त्याचा पहिला चटका बसतो तो साध्या गेस्टमध्ये. वेब सर्व्हरवरचा प्रोग्राम टीएमपी डिरेक्टरीत अहवाल लिहितो आणि लॉगमध्ये ‘अहवाल लिहिला’ असे नोंदवतो. अ‍ॅडमिन टीएमपीमध्ये पाहतो, काही नाही. प्रोग्राम लिहिणारा शपथेवर सांगतो की लिहिला आहे. सिस्टिमडीने प्रायव्हेट-टीएमपी या सोयीने त्या सेवेला तिची खासगी टीएमपी दिलेली असते. खऱ्या टीएमपीत सिस्टिमडी-प्रायव्हेट अशा लांबलचक नावाच्या डिरेक्टरीत तो अहवाल सुखरूप असतो. त्या प्रोसेसच्या क्रमांकाने प्रॉकमधली माउंटइन्फो वाचली की हे ताबडतोब दिसते. ही फाइल २.६.२६ पासून आहे आणि कोणते माउंट कोणाच्या पोटात आहे हेही सांगते. तिचे रकाने वाचणे डोळ्यांना शिक्षा आहे, म्हणून फाइंडएमएनटी तेच झाडाच्या रूपात मांडते.

नेटवर्कवरून फायली पुरवणारा एनएफएसचा सर्व्हर गेला तर डीएफ एक अक्षरही न छापता लटकते. ती प्रत्येक फाइलसिस्टिमला तिचा हिशेब विचारत जाते आणि जो उत्तर देत नाही त्याच्या दारात बसून राहते. दुसरी खिडकी उघडून पुन्हा डीएफ चालवली तर तीही तिथेच बसते. असे पाच-सहा जण रांगेत बसवल्यावर माणसाला संशय येतो. कॅटने प्रॉक/माउंट्स वाचताना कोणाला काही विचारावे लागत नाही, त्यामुळे ते अडत नाही, आणि ‘डीएफ -एल’ स्थानिक डिस्कांपुरतेच पाहते.

शेवटचे काम डिस्क उतरवण्याचे. यूमाउंट बहुधा ‘टार्गेट इज बिझी’ म्हणते. म्हणजे कोणीतरी त्या डिस्कवर अजून काम करत आहे. अ‍ॅडमिन डेटाबेस थांबवतो, वेब सर्व्हर थांबवतो, बॅकअपचे क्रॉन बंद करतो, ग्रुपवर ‘कोण आहे रे डेटा डिस्कवर?’ असे विचारतो आणि कोणी कबूल होत नाही. मग ‘फ्यूजर -व्हीएम’ चालवतो. उत्तरात एकच प्रोसेस येते: बॅश, वापरकर्ता रूट, सकाळपासून त्याच डिरेक्टरीत सीडी करून बसलेली. क्रमांक जुळवून पाहिला तर ती त्याच खिडकीतली. सीडी करून बाहेर आल्यावर यूमाउंट काही न छापता काम करते. राहिलेले क्रॉन सुरू करायचे, आणि एफएसटॅबमधली ती ओळ काढायची. ती राहिली तर पुढच्या रीबूटला दीड मिनिट तारका पाहाव्या लागतात.